मरियामातेचं दर्शन तिथेच का झालं? दर्शनस्थळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आम्ही कॅथोलिक घरं मोजकीच. ऑगस्ट सरता सरता कुणी तमिळनाडूतल्या वेलंकनीला निघालं की शेजारपाजारचे विचारतात, तिथं नेमकं झालं काय होतं? रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी शिकवते, तिथली मुलं याहून अवघड विचारतात. मिरजेकडचे नातलग प्रोटेस्टंट मंडळीतले, त्यांचे प्रश्न आणखी वेगळे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतात ते कळेल. दर्शनात मरियामाता काय बोलली हे सगळे वाचतात. ती कुठे उभी राहिली, ती जागा आदल्या दिवसापर्यंत कशी होती, तिथे कोण जायचं आणि कोण पाऊल टाकत नसे, हे फारसं कुणी बघत नाही. निरोपाचा निम्मा अर्थ त्या जागेत असतो.

दर्शनस्थळ कशाला म्हणायचं? मरियामातेचं प्रत्येक प्रसिद्ध चर्च दर्शनस्थळ असतं का?

नाही. वांद्र्याची मोत माउली घ्या. ८ सप्टेंबरच्या सुमाराला तिथे किती गर्दी लोटते हे मुंबईत राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे, पण तिथे मरियामातेचं दर्शन झालं असं कुणी म्हणत नाही. ते मूर्तीचं आणि नवसाचं ठिकाण आहे. दर्शनस्थळ म्हणजे जिथे एखाद्या माणसाने, बहुधा लहान मुलाने, ‘मला इथे एक बाई दिसली’ असं सांगितलं, लोकांनी आधी त्याला वेड्यात काढलं, मग त्या भागाच्या बिशपांनी चौकशी केली आणि काही वर्षांनी त्या जागी जाऊन प्रार्थना करायला मोकळीक दिली. मेक्सिकोतलं ग्वादालूपे, फ्रान्समधलं ला सालेत आणि लूर्द, आयर्लंडमधलं नॉक, पोर्तुगालमधलं फातिमा, बेल्जियममधलं बोरँ आणि बानू, रवांडातलं किबेहो ही त्यातली ठळक नावं.

या सगळ्या जागांमध्ये सारखं काय आहे?

बहुतेक जागा गावकुसाबाहेरच्या आहेत. आपल्याकडे या शब्दाला केवढं वजन आहे हे सातारा-सांगलीच्या माणसाला समजावून सांगायला नको. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, यावर पिढ्यानपिढ्या माणसांची किंमत ठरली. आमच्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास वेशीबाहेरूनच सुरू होतो. म्हणून मला हा धागा वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

लूर्दचं उदाहरण जवळून बघू. ११ फेब्रुवारी १८५८, गुरुवार. बर्नादेत सुबिरू १४ वर्षांची होती, दम्याने पछाडलेली, लिहिता-वाचता न येणारी. वडिलांची गिरणी बुडाली होती आणि सगळं कुटुंब एका खोलीत राहत होतं. ती खोली पूर्वी गावचा तुरुंग होती, कैद्यांना ठेवण्याच्या लायकीची नाही म्हणून सोडून दिलेली. घरात सरपण नव्हतं. बहीण आणि एक मैत्रीण यांच्याबरोबर ती गावाबाहेर लाकडं वेचायला निघाली. नदीकाठी मासाबिएल नावाचा कातळ होता. त्याच्या पोटातल्या कपारीत गावची डुकरं आसऱ्याला यायची, पुराने वाहून आलेला काडीकचरा तिथे अडकायचा. बाकीच्या दोघी थंडगार पाणी तुडवून पलीकडे गेल्या. बर्नादेत दम्यामुळे मागे राहिली आणि मोजे काढायला वाकली. वाऱ्याचा आवाज आला म्हणून तिने मान वर केली, तर झाडं स्तब्ध होती. कपारीच्या वरच्या कोनाड्यात, जंगली गुलाबाच्या झुडपापाशी, तिला एक तरुण स्त्री दिसली.

गावात चर्च होतं, चौक होता, बऱ्या घरचे दिवाणखाने होते. भेट झाली ती डुकरांच्या कपारीत. बायबल वाचणाऱ्याला हे नवं वाटायला नको. येशूचा जन्म झाल्यावर त्याला गव्हाणीत ठेवलं आणि त्याला क्रुसावर दिलं ते वेशीबाहेर. आई लेकाच्याच वाटेने चालते आहे.

पण काही दर्शनं शहरात आणि चर्चमध्येही झाली आहेत ना?

झाली आहेत, आणि ती लपवून चालणार नाही. १८३० साली कॅथरीन लाबुरे या तरुण सिस्टरला पॅरिसच्या भर वस्तीत, आपल्याच मठाच्या चॅपलमध्ये दर्शन झालं. मरियामाता तिथल्या एका खुर्चीत बसली आणि कॅथरीनने तिच्या मांडीवर हात ठेवले. पण पुढचं ऐका. कॅथरीनने हे आपल्या धर्मगुरूंखेरीज जवळजवळ कुणालाच सांगितलं नाही आणि उरलेलं आयुष्य म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्यात घालवलं. जागा शहराच्या मध्यावर होती, दर्शन घेणारी स्वतः आडबाजूलाच राहिली.

नॉकची गोष्ट आणखी बोलकी आहे. २१ ऑगस्ट १८७९ च्या संध्याकाळी मुसळधार पाऊस होता. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर १५ जणांनी मरियामाता, संत योसेफ आणि संत योहान यांना पाहिलं, शेजारी वेदी आणि वेदीवर कोकरू. दर्शन चर्चचंच, पण आत नव्हे. बंद दाराबाहेर, भिजत उभ्या असलेल्या शेतकरी माणसांसमोर. साक्षीदारांनी सांगितलं की ती भिंत आणि तिच्यालगतची जमीन तेवढी कोरडी होती. मरियामाता एक शब्दही बोलली नाही. तिथे निरोप म्हणून जे काही आहे ते त्या भिंतीने आणि त्या पावसानेच सांगायचं.

लूर्दच्या पाण्यात औषधी गुण आहेत का?

नाहीत. त्याच वर्षी, १८५८ मध्ये, तुलूझ इथल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने त्या पाण्याची तपासणी केली आणि ते साधं पिण्याचं पाणी असल्याचं सांगितलं. चर्चनेही कधी वेगळा दावा केला नाही. पाणी खूण आहे.

खूण कशाची, ते २५ फेब्रुवारीच्या दिवसात दिसतं. त्या सकाळी बाईने बर्नादेतला सांगितलं, झऱ्यावर जाऊन पाणी पी आणि तोंड धू. झरा कुठेच नव्हता, म्हणून मुलगी नदीकडे वळली. बाईने तिला खुणेनं कपारीच्या आतल्या बाजूला बोलावलं. बर्नादेतने बोटांनी माती उकरली. चिखल आला. तीनदा तिने तो ओंजळीतून फेकून दिला, चौथ्यांदा कसाबसा गिळला, तोंडाला फासला, तिथलं गवत तोडून खाल्लं. जमलेल्या लोकांनी तोंडं फिरवली, पोरीचं डोकं फिरलं म्हणून तिला ओढून नेलं. मग हळूहळू तो चिखल निवळत गेला आणि पाणी वाहू लागलं. आजही वाहतं आहे.

माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या माणसाला या गोष्टीत काय आहे ते पटकन उमगतं. कोरड्या पात्रात झिरा उकरला की आधी येतो तो गढूळ गाळच, आणि जो थांबतो त्यालाच नितळ पाणी मिळतं. घाणीच्या जागी, सगळ्यांच्या हसण्याखाली, हाताने उकरून काढलेलं हे पाणी आहे. ते पाणी आधीपासून तिथे होतंच, फक्त कुणाला ठाऊक नव्हतं, असं काही अभ्यासक म्हणतात. मला त्याने काही बिघडतंय असं वाटत नाही. जिथे काहीच नाही असं गाव समजत होतं, तिथे ते होतं.

आपल्या जिल्ह्यात उगमाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारी ती बारीक धार बघितली आणि मग कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम बघितला की उगमाशी हात का जोडतात ते कळतं. वाईच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव करणाऱ्यांना नदीत आई दिसते. लूर्दला मात्र पाण्याला आई मानत नाहीत. पाणी आईने दाखवलं, असं मानतात. हा फरक बारीक असला तरी महत्त्वाचा आहे.

बेल्जियममधल्या बानूला १९३३ मध्ये मारिएत बेको या ११ वर्षांच्या मुलीला दर्शन झालं, तिथेही झराच आहे आणि तो रस्त्याकडेला आहे. हा झरा सगळ्या राष्ट्रांसाठी राखलेला आहे, असं तिला सांगण्यात आलं. त्याच महिन्यात शेजारच्या जर्मनीत हिटलर सत्तेवर आला.

मग तिथे माणसं बरी होतात ते काय?

लूर्दला १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. कुणी बरं झाल्याचं सांगितलं की कागदपत्रं तपासली जातात, वर्षानुवर्षं पाठपुरावा होतो. हजारो नोंदींमधून चर्चने अधिकृतपणे चमत्कार म्हटले आहेत ते सत्तरच्या आसपासच. बाकी लाखो आजारी माणसं तिथून आजारीच परत येतात आणि तरी पुन्हा जातात. त्या आवारात सगळ्यात पुढची जागा चाकाच्या खुर्चीवरच्यांची आणि स्ट्रेचरवरच्यांची असते. आजाऱ्याला मागच्या खोलीत ठेवायची सवय असलेल्या जगात मला हाच मोठा चमत्कार वाटतो.

मरियामाता डोंगरावरच का दिसते?

नेहमी नाही दिसत. ग्वादालूपेचं दर्शन झालं ती तेपेयाक टेकडी आहे, बोस्निया-हर्झेगोविनातल्या मेजुगोरियेलाही टेकडी आहे, ला सालेत तर आल्प्समध्ये सुमारे १८०० मीटर उंचीवर. सज्जनगड, मांढरदेव, शिखर शिंगणापूर डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसाला उंचावर देव भेटतो हे पटतंच. पण लूर्दची कपार नदीच्या पातळीला आहे आणि फातिमाचं कोवा द इरिया हा तर खोलगट भाग. उंची हा नियम नाही.

ग्वादालूपेच्या टेकडीवर आधी देवीचं स्थान होतं म्हणतात. मग ते दर्शन म्हणजे एका देवीला हटवून दुसरीला बसवणं झालं का?

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि तो टाळू नये.

१५२१ मध्ये स्पॅनिश फौजांनी अॅझ्टेकांची राजधानी जिंकली. देवळं पाडली गेली, देवीरोगाच्या साथीने माणसं मेली. तेपेयाक टेकडीवर तोनान्त्सिन या मातृदेवतेची पूजा होत असे. जिंकल्यानंतर दहाच वर्षांनी, डिसेंबर १५३१ मध्ये, हुआन दिएगो नावाचा तिथलाच एक प्रौढ माणूस त्या टेकडीजवळून जात असताना मरियामातेने त्याला त्याच्या नावाट्ल भाषेत हाक मारली, असं परंपरा सांगते. इथे माझ्यासाठी एक घर बांधायला बिशपांना सांग, असा निरोप दिला. बिशप सुमार्रागा यांनी विश्वास ठेवला नाही, खूण मागितली. मधेच हुआन दिएगोचा मामा मरणाला टेकला, म्हणून धर्मगुरूंना आणायला तो टेकडीच्या दुसऱ्या अंगाने निघाला. बाई भेटली तर उशीर होईल, ही धास्ती. ती त्या वाटेवरही आडवी आली. मी तुझी आई इथे आहे ना, मग कशाला घाबरतोस, असं म्हणाली. ऐन थंडीत, खडकाळ माथ्यावर त्याला फुलं मिळाली. ती त्याने आपल्या अंगावरच्या जाड्याभरड्या वस्त्रात बांधून नेली. बिशपांसमोर ते वस्त्र सोडलं तेव्हा फुलं खाली पडली आणि वस्त्रावर तिची प्रतिमा उमटलेली दिसली. ते वस्त्र मेक्सिको शहरात आजही दर्शनासाठी आहे.

जुन्या देवीच्या जागी नवी भक्ती आली याचा संशय त्या काळी खुद्द मिशनऱ्यांनाच होता. बेर्नार्दिनो द साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्याच शतकात तक्रार लिहून ठेवली की लोक अजूनही तोनान्त्सिन म्हणतच तिथे येतात. म्हणजे जेत्यांनी जाणूनबुजून देवी बदलली, हे म्हणणं सरळ बसत नाही, कारण जेत्यांपैकी काहींना ही भक्तीच खुपत होती.

माझं मत असं. जागेवर जिंकणाऱ्यांची जखम होती हे खरं, आणि ती झाकून ग्वादालूपेची गोष्ट सांगू नये. पण दर्शनात कोण कुणाकडे गेलं हे पाहा. मरियामाता बिशपांच्या वाड्यात गेली नाही. हरलेल्या माणसाकडे, हरलेल्या लोकांच्या पवित्र टेकडीवर, त्यांच्या बोलीत आली आणि त्या माणसाला बिशपांकडे निरोप्या म्हणून धाडलं. निरोप नेणारा हरलेल्यांतला आणि ऐकून घ्यायचं जेत्यांनी, अशी उलटापालट झाली. हुआन दिएगोला चर्चने २००२ मध्ये संत घोषित केलं, इतकी वर्षं लागली. ग्वादालूपेचा सण १२ डिसेंबरला असतो.

फातिमाला झाडावर दर्शन झालं. ते झाड अजून आहे का?

नाही, आणि ते का नाही हे मी मुलांना मुद्दाम सांगते. १३ मे १९१७ ला लुसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता ही १०, ८ आणि ७ वर्षांची मुलं मेंढरं चारत होती. ओक जातीच्या, जेमतेम माणसाच्या छातीएवढ्या लहान झाडावर त्यांना तेजस्वी बाई दिसली. पुढच्या महिन्यांत माणसांची रीघ लागली आणि प्रत्येकाने आठवण म्हणून एकेक डहाळी मोडून नेली. बघता बघता झाड संपलं. आता तिथे खांबावर मूर्ती आहे, ती त्या झाडाची जागा दाखवते. नॉकलाही हेच झालं, लोकांनी भिंतीचा गिलावा खरवडून नेला. फातिमाला त्या झाडाच्या जागेजवळच एक मोठा ओक आहे, ज्याच्या सावलीत मुलं वाट बघत थांबायची, तो मात्र टिकला.

औदुंबरला, पलूस तालुक्यात कृष्णाकाठी, दत्तभक्तांनी झाडाखालच्या पादुका शतकानुशतकं जपल्या. झाड तोडून घरी न्यायचं कुणाच्या मनात येत नाही, प्रदक्षिणा घालतात आणि मोकळ्या हाताने परततात. ही रीत आमच्या यात्रेकरूंनी शिकण्यासारखी आहे.

कोवा द इरियाबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती जमीन लुसियाच्या घरची होती. त्यात भाजीपाला, मका, थोडंफार पीक निघायचं. गर्दीने ते सगळं तुडवलं गेलं आणि घरचं खाणं गेलं. आईने चिडून मुलीला सुनावलं, आता खायला त्या बाईलाच माग. पवित्र जागा होण्याची किंमत कुणीतरी भरत असतं, आणि इथे ती एका शेतकरी घराने भरली.

दर्शनं गुराखी मुलांनाच का होतात?

कारण तिथे तीच असतात. गायरानात, माळावर, डोंगरउतारावर दिवसभर दुसरं कोण असतं? माणदेशातल्या मेंढपाळांना शिवारातला प्रत्येक ओढा आणि प्रत्येक खडक ठाऊक असतो, गावातल्या शहाण्यांना नसतो.

दुष्काळ, युद्ध, साथ अशा वेळीच दर्शनं का होतात?

ला सालेतचं बघा. १९ सप्टेंबर १८४६. युरोपभर बटाट्यावर रोग पडला होता. मेलानी आणि माक्सिमँ ही दोन पोरं दुसऱ्याची गुरं राखायला वर गेली होती. खेळता खेळता त्यांनी दगडांचं छोटं घर रचून त्यावर रानफुलं ठेवली आणि तिथेच झोपी गेली. जाग आल्यावर पाहतात तर त्याच दगडांवर एक स्त्री तोंड ओंजळीत धरून रडत बसलेली. मुलांना फ्रेंच नीट कळत नाही हे दिसताच ती त्यांच्या गावबोलीत बोलू लागली. बोलली ती सडलेल्या बटाट्यांबद्दल आणि किडलेल्या गव्हाबद्दल.

मग तिने माक्सिमँला विचारलं, किडका गहू कधी पाहिला आहेस का? तो म्हणाला, नाही. तिने आठवण करून दिली: कोअँच्या शेतात तू वडिलांबरोबर गेला होतास, शेतकऱ्याने कणसं हातावर चोळली, त्यांची भुकटी झाली. येताना वडिलांनी तुला भाकरीचा तुकडा दिला आणि म्हणाले, यंदा खाऊन घे बाळा, पुढच्या वर्षी कोण खाईल कुणास ठाऊक. पोराला सगळं आठवलं. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा त्याच्या बापाचं, चर्चकडे वर्षानुवर्षं पाठ फिरवलेल्या माणसाचं, मन बदललं. एका बापाने वाटेवर दबक्या आवाजात बोललेलं ते वाक्य स्वर्गात ऐकू गेलं होतं.

मला ही सगळ्या दर्शनांतली सगळ्यात जवळची गोष्ट वाटते. डोंगर, दगड आणि दरी तर तिथे आहेतच, पण खरी जागा ते किडक्या गव्हाचं शेत आहे.

नॉकचं १८७९ सालही पीक बुडाल्याचं, खंडकऱ्यांना जमिनीवरून हुसकावल्याचं. फ्रान्समधल्या पाँमँला १७ जानेवारी १८७१ च्या रात्री दर्शन झालं तेव्हा जर्मन सैन्य जवळ येऊन ठेपलं होतं. किबेहोला १९८१ पासून शाळेतल्या मुलींना दर्शनं झाली, त्यात त्यांनी रक्ताच्या नद्या पाहिल्याचं सांगितलं. १९९४ मध्ये रवांडात वंशसंहार झाला आणि किबेहोच्या चर्चमध्येच आसऱ्याला आलेल्या माणसांची कत्तल झाली. चर्चने २००१ मध्ये त्या दर्शनांना मान्यता दिली. त्या जागेकडे चमत्काराची जागा म्हणून नुसतं बघता येत नाही. आधी सांगूनही न ऐकलेल्यांची ती जागा आहे.

आपण ‘जागृत देवस्थान’ म्हणतो, तसंच हे आहे का?

भाविकाच्या मनातली ओढ सारखीच आहे. मांढरदेवला पौष पौर्णिमेला काळूबाईचा डोंगर चढणाऱ्या माउलीची आणि वेलंकनीला वाळूतून गुडघ्यांवर सरकत जाणाऱ्या माउलीची तळमळ मला वेगळी वाटत नाही. शिकवण मात्र वेगळी आहे. आमच्याकडे शक्ती जागेत राहत नाही, मूर्तीतही राहत नाही. मरियामाता स्वतः देव नाही, ती देवाकडे विनंती करणारी आई आहे. आणि दर्शनावर विश्वास ठेवणं कॅथोलिक माणसाला बंधनकारक नाही. लूर्दला एकदाही न गेलेला आणि फातिमावर मन न बसलेला माणूसही चांगला कॅथोलिक असू शकतो.

अंगापूरच्या डोहात समर्थांना मूर्ती सापडल्या. ख्रिस्ती परंपरेत असं काही आहे का?

आहे. अंगापूरच्या डोहातून आलेली राममूर्ती चाफळला आणि अंगलाई देवी सज्जनगडावर, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं. ब्राझीलमध्ये १७१७ साली तीन मच्छीमार नदीत जाळं टाकत होते, मासे लागत नव्हते. जाळ्यात आधी मरियामातेच्या लहानशा मूर्तीचं धड आलं, मग पुन्हा जाळं टाकल्यावर डोकं. त्यानंतर जाळी माशांनी भरली, असं सांगतात. मूर्ती मातीची, काळसर रंगाची. गुलामगिरी चालू असलेल्या त्या देशात काळ्या रंगाच्या माउलीकडे गुलामांनी कोणत्या नजरेने पाहिलं असेल! अपारेसिदा माता आज त्या देशाची रक्षक मानली जाते. तिथे दर्शन झालं नाही, म्हणून काटेकोर बोलायचं तर ते दर्शनस्थळ नाही. पण पाण्याने परत दिलेली मूर्ती हा भाव कृष्णाकाठच्या माणसाला परका नाही.

जागा इतकी महत्त्वाची, तर ती बंद केली किंवा बदलली तर?

तर मरियामाता अडत नाही. १३ ऑगस्ट १९१७ ला फातिमाच्या मुलांना तिथल्या प्रशासकाने ताब्यात घेतलं आणि ती ठरलेल्या जागी पोचू शकली नाहीत. काही दिवसांनी, मेंढरं चारत असताना, वालिन्योस नावाच्या दुसऱ्याच ठिकाणी तिने त्यांना दर्शन दिलं. लूर्दला सरकारने कपारीसमोर फळ्यांचं कुंपण घातलं. १६ जुलै १८५८ चं शेवटचं दर्शन बर्नादेतला नदीच्या पलीकडच्या काठावरून झालं, आणि तरी ती इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती असं तिने सांगितलं. १९२२ मध्ये फातिमाचं छोटं चॅपल कुणी सुरुंग लावून उडवलं, ते पुन्हा बांधलं.

बर्नादेत स्वतः १८६६ मध्ये लूर्द सोडून नेव्हेरच्या मठात गेली आणि पुन्हा कधीही परतली नाही. १८७६ मध्ये कपारीवरच्या भव्य चर्चचं पवित्रीकरण झालं तेव्हाही ती तिथे नव्हती. जागा तिच्यामुळे जगाला माहीत झाली, पण तिने त्या जागेला धरून ठेवलं नाही.

चर्च मान्यता कशी देतं?

स्थानिक बिशप चौकशी नेमतात: सांगणारी व्यक्ती खरी आहे का, पैशाचा व्यवहार आहे का, निरोप बायबलशी जुळतो का, लोकांच्या वागण्यात काय फरक पडतो. मे २०२४ मध्ये रोमने नवे नियम काढले. आता सहसा ‘हे दैवी आहे’ असा निर्वाळा देत नाहीत, भक्तीला हरकत नाही एवढंच सांगतात. मेजुगोरियेबाबत सप्टेंबर २०२४ मध्ये हेच झालं.

आम्ही मिरजेच्या मिशनमधल्या प्रोटेस्टंट घराण्यातले. आम्हाला मरियेची भक्ती मान्य नाही. मग या जागांमध्ये आमच्यासाठी काय?

तुमच्या आजोबा-पणजोबांना डॉ. वानलेस यांच्या दवाखान्यात जे भेटलं तेच थोडंफार इथे आहे, असं मला वाटतं. देवाच्या नावाने आजाऱ्याला पुढची जागा मिळणं. मरियेच्या तोंडचं गीत लूकच्या पहिल्या अध्यायात तुम्हीही वाचता: अधिपतींना राजासनांवरून ओढून काढलं, दीनांना उंच केलं. दर्शनं खरी मानू नका हवं तर. ते गीत हाती घेऊन मासाबिएल, तेपेयाक आणि कोवा द इरियाची गोष्ट वाचा, तुम्हाला ओळखीचंच काही सापडेल.

बऱ्याच चर्चच्या आवारात दगडांची गुहा आणि आत मूर्ती असते. ती का?

ती लूर्दची प्रतिकृती. पांढरं वस्त्र, निळा कमरपट्टा, हातात जपमाळ आणि पावलांवर पिवळी फुलं हे बर्नादेतच्या सांगण्यावरून आलं. असली गुहा व्हॅटिकनच्या बागेतही आहे. आपल्याकडे ती चकचकीत टाइल्स लावून, रंगीत दिव्यांच्या माळा सोडून सजवतात, त्याचं मला वाईट वाटतं. दगड काळा आणि ओबडधोबड ठेवावा, आपल्या सह्याद्रीचा असला तर उत्तमच. डुकरांची कपार होती, हे बघणाऱ्याला कळायला हवं.

तिथलं पाणी घरी आणलं तर चालतं का?

चालतं. प्रार्थनेबरोबर वापरा, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका. विकत मात्र घेऊ नका, लूर्दला ते नळाला फुकट मिळतं.

लूर्द-फातिमा परवडणारं नाही. वेलंकनीला जायचं तर काय बघावं?

२९ ऑगस्टला झेंडा चढतो आणि ८ सप्टेंबरला मुख्य सण असतो. त्या दिवसांत गर्दी अफाट असते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे दिवस सोडून जा. मोठं चर्च बघून बाजारात शिरू नका, तिन्ही जागा पायी करा. आधी तळं: तिथे वडाच्या सावलीत विसावलेल्या दूध घालणाऱ्या मुलाकडे एका आईने आपल्या बाळासाठी दूध मागितलं. मग नडुतिट्टू, म्हणजे जिथे ताक विकणारा पांगळा मुलगा बसायचा, तिथे त्याच्याकडे तिने ताक मागितलं आणि तो चालू लागला. शेवटी समुद्र, जिथे वादळातून वाचलेल्या पोर्तुगीज खलाशांनी किनारा गाठला आणि तिच्यासाठी चर्च बांधलं.

पहिल्या दोन्ही ठिकाणी तीच मागणारी आहे, आणि मागते ती दुधाचा-ताकाचा धंदा करणाऱ्या गरीब पोरांकडे. मुलांना बरोबर नेलं तर ही गोष्ट तळ्याच्या काठावर बसवूनच सांगा, मुख्य चर्चच्या रांगेत उभं असताना नको. आणि किनाऱ्यावर जाल तेव्हा २००४ च्या त्सुनामीत तिथे गेलेल्या माणसांसाठी एक जपमाळ म्हणा, त्यांत यात्रेकरूही होते.